हिरवा की पिवळा

तिसगावच्या बाजारात गोरक्ष टेम्पोत कांद्याच्या गोण्या लावत होता, तेव्हा जपानहून थोरल्या भावाचा, अंगदचा निरोप आला. दोन फोटो आणि त्याच्या आवाजातलं बोलणं. गोरक्षनं पाचवीतच शाळा सोडलेली, वाचायचा कंटाळा. म्हणून अंगद नेहमी बोलूनच पाठवायचा.

"गोऱ्या, माजाँगचा सेट घ्यायला आलोय. एक हिरव्या पाठीचा हाय, एक पिवळ्या. कुठला घेऊ? तुलाच शिकवनार हाय, तवा तूच सांग. लवकर बोल, दुकानदार माझ्या तोंडाकडं बघतोय."

माजाँग म्हणजे पत्त्यांसारखाच चौघांचा डाव. फक्त पत्त्यांच्या जागी पांढरे ठोकळे, पाठीवर रंग दिलेले. अंगद तिकडे पॉलीहाऊसवर कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी सोबतच्यांकडून हा खेळ शिकला होता. गोरक्षला पिवळा बरा वाटला. गोण्या लावून झाल्या की सांगू, असं म्हणत त्यानं फोन खिशात टाकला.

संध्याकाळी दुसराच फोन आला. अंगद पॉलीहाऊसच्या छतावरून पडला होता.

शवपेटी गावात यायला आठवडा गेला. मग अग्नी, राख सावडणं, आणि नदीवर दहावा.

पिंड ठेवला. कावळा समोरच्या बाभळीवर होता, पण खाली उतरेना. आई बनुबाई म्हणाली, "माझी काळजी करू नगंस लेकरा, जा." अंगदची बायको अश्विनी म्हणाली, "पोरीला शिकवीन मी. जावा तुमी." कारभारीमामानं शेताचं वचन दिलं. ऊन डोक्यावर आलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "जपानहून इमानानं यायचंय, टाइम लागनारच की." कुणीतरी त्याला गप्प केलं.

इतके दिवस द्यायचं राहून गेलेलं उत्तर गोरक्षच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. तो पिंडापुढे गुडघ्यावर पडला.

"दादा, पिवळा घे! पिवळा! ये, आपन खेळू..."

वाक्य संपायच्या आत कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मामाचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्यानं गोरक्षचा दंड धरला.

"काय म्हनलास?"

"पिवळा घे म्हनलो."

"त्याच्या म्होरं?"

"ये... म्हनलो."

"आरं गाढवा! मयताच्या दारातून निघताना आपन साधं 'येतो' म्हनत न्हाई. हितं 'जा' म्हनायचं असतंय. अन् तू बोलावलंस?"

तेव्हापासून गोरक्षला झोप लागेना. भाऊ सुटला, की आपल्या एका शब्दानं वाटेतून मागे फिरला? हे विचारणार कुणाला? आणि आईला तर विचारायची सोयच नव्हती. घाटावरून आल्यापासून बनुबाई एक शब्द बोलली नव्हती. वाढलेलं खायची, आणि भिंतीकडे बघत बसायची.

तीन आठवड्यांनी भर दुपारी दारात पार्सल आलं. जपानचं. अश्विनीनं वरचा कागद दोनदा वाचला.

"भावजी... पाठवल्याची तारीख दहाव्याची हाय."

"दुकानवाल्यानं उशिरा धाडलं आसंल," मामा म्हणाला.

गोरक्षनं चिकटपट्टी फाडली. आत लांबट पेटी, पेटीत ठोकळ्यांच्या रांगा. पिवळ्या.

रंग त्यानं कुणालाच कळवला नव्हता. घाटावर ओरडला होता तेवढंच.

"झाकन लाव अन् नदीत सोडून ये," मामा हळूच म्हणाला.

"दादाची वस्तू हाय, मामा. मी न्हाई सोडनार."

"मग मी हितं थांबत न्हाई." मामानं चपला पायात सरकवल्या आणि मागं न बघता तो निघून गेला.

गोरक्षनं पेटी ओटीवर नेली आणि शहाबादी फरशीवर मांडी घातली. ठोकळे ओतले. कोरड्या शेंगा फुटाव्यात तसा आवाज घरभर गेला. एकेक ठोकळा गार, गुळगुळीत. पोटावर बांबूच्या पेरांसारख्या रेघा, गोल ठिपके, न कळणारी अक्षरं. कसं खेळायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. तो नुसता ते उभे करत राहिला. आपल्या पुढ्यात एक रांग, डावीकडे एक, उजवीकडे एक. हुंदका येत होता, तरी हात थांबत नव्हते.

त्या आवाजानं बनुबाई आतून आली. हळूहळू खाली बसली. दारातून बघणाऱ्या अश्विनीलाही तिनं हातानं खुणावलं, तशी तीही भीतभीत येऊन टेकली. तिघंजण तीन रांगांशी.

"चौथं कुनी न्हाई," अश्विनी कुजबुजली. "ठेवून द्या ना भावजी ते..."

बनुबाईनं गोरक्षकडे पाहिलं. त्याच्या तोंडाकडे नाही. खांद्याच्या किंचित मागे. इतक्या दिवसांनी तिचं तोंड उघडलं, आणि आवाज अगदी रोजचा होता, दोन्ही पोरं लहान असताना रागवायची तसा.

"गोऱ्या, सरक की जरा. किती येळ त्याच्या मांडीवर बसनार हायेस?"

अश्विनीच्या हातातला ठोकळा खाली पडला.

उठायचं म्हणून गोरक्षनं टेकू घ्यायला हात खाली नेला.

फरशी हाताला लागली, पण वीतभर खाली.