पुढच्या रांगेची तक्रार

“तुम्ही त्यांना हो का म्हणालात?”

सहानाने वळून पाहिलं. दिल्ली विमानतळाच्या काचांना जानेवारीचं धुकं चिकटलं होतं, बेंगळुरूच्या विमानासाठीची रांग पहाटेपासून ताटकळत होती, आणि तिच्या मागे उभा असलेला, चष्मा लावलेला एक उंच तरुण, तिचं वडिलांशी चाललेलं मराठी ऐकूनच असावं, तिला चक्क मराठीत जाब विचारत होता. ओळख ना पाळख.

“मी कुठे हो म्हटलं?”

“आत्ता. त्या काउंटरवरच्या मुलीने तुमचे दुसऱ्या रांगेचे पास घेतले, हातात एकविसाव्या रांगेचे ठेवले आणि कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. तुम्ही गोड हसून म्हणालात, परवागिल्ला.”

“ते सुम्ने… उगीच तसं म्हणायचं असतं. विमान बदललंय म्हणे. या विमानात पुढच्या मोठ्या सीटाच कमी आहेत. ती पोरगी तरी काय करणार, अल्वा?”

“अल्वा म्हणजे?”

“म्हणजे, हो की नाही?”

“नाही,” तो शांतपणे म्हणाला.

सहानाला राग यायला हवा होता. पण त्या माणसाने ‘नाही’ इतक्या स्वच्छ आवाजात म्हटलं होतं, की ती नुसती बघतच राहिली. तिच्या गावात असं कुणी म्हणत नसे. म्हैसुरात बसमध्ये पायावर पाय पडला तरी परवागिल्ला, शिंप्याने ब्लाउज बिघडवला तरी परवागिल्ला. असू द्या, चालायचंच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, एवढं सगळं त्या एका शब्दात भरलेलं.

शेजारी तिचे वडील मालोजीराव, तिचे अप्पा, उभे होते. बंद गळ्याचा कोट आणि हातात पुठ्ठ्याचा गोल डबा. डब्यात निवृत्तीच्या दिवशी मिळालेला म्हैसुरी पेटा, म्हणजे जरीचा फेटा, होता. रेशमाच्या कारखान्यात ते हयातभर कारकून होते, आणि साहेबांची विमानाची तिकिटं काढणं हे त्यांचं काम. पुढच्या रांगा, मोठ्या खुर्च्या, खिडकीची जागा… सगळं दुसऱ्यांसाठी. पगार वाढल्यावर सहानाने पहिलं काही केलं असेल, तर अप्पांच्या भाच्याच्या लग्नाहून परतताना त्यांच्यासाठी पुढच्या रांगेची दोन तिकिटं काढली. विमानात बसल्यावर अप्पा पेटा बांधणार होते आणि ती फोटो काढणार होती.

“परवागिल्ला पुट्टी,” अप्पा लाडाची हाक मारत म्हणाले. “मागची रांग पण तेवढ्याच वेळात पोचते की.”

ते हसले, पण त्यांनी डबा उघडला नाही. ते मात्र सहानाच्या मनाला लागलं.

एकविसाव्या रांगेत खिडकीशी तोच चष्मेवाला बसला होता. मालोजीरावांना पाहताच तो उठला, त्यांना खिडकी दिली आणि स्वतः कडेच्या सीटवर आला. मध्ये सहाना.

“प्रद्युम्न,” त्याने सांगितलं. “मूळचा मिरजेचा. आता म्हैसूरजवळ हूटगळ्ळीत एका कारखान्यात तयार पार्ट तपासतो. दिवसभर नाकारायचं, हीच नोकरी.”

“अय्यो. वाईट नाही वाटत?”

“पार्टांना?”

“तुम्हाला.”

तो हसला. “आणि तुम्ही?”

“स्पीच थेरपिस्ट. ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलायला शिकवते.”

त्याने चेहरा कसाबसा गंभीर ठेवला. “अस्सं. मग स्वतःवर कधी घेताय उपचार?”

खिडकीकडून अप्पांचा आवाज आला. “आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते बरं का. मराठे लोक.”

“घोडदळातली माणसं,” प्रद्युम्न म्हणाला, “आणि सीट न लढताच सोडली?”

मालोजीराव खो-खो हसले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं खरं हसू. सहानाने ऐकलं, आणि तिलाच हलकं, तरंगल्यासारखं वाटलं. विमान तेव्हा अजून जमिनीवरच होतं.

वाटेत प्रद्युम्नने नियम समजावला. प्रवाशाला त्याच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं, तर कंपनीला तिकिटाचा मोठा भाग परत द्यावा लागतो. “फक्त मर्जीविरुद्ध,” तो पुन्हा म्हणाला. “फोनमधलं जुनं तिकीट पुसू नका.” आणि बेंगळुरूला उतरल्यावर सहाना बॅग शोधतेय तोवर, तिचा नंबर मालोजीरावांनीच त्याला देऊन टाकला.

“अप्पा, असं कसं?”

“खटल्याला साक्षीदार लागतो पुट्टी,” अप्पा निरागसपणे म्हणाले.

सहानाने कंपनीकडे तक्रार केली; उत्तर आलं ते गोडच होतं. आपण आसनातील बदल स्वेच्छेने स्वीकारल्याची नोंद असल्याने परतावा देता येत नाही. सहानाने ते प्रद्युम्नला पाठवलं. दुसऱ्या मिनिटाला त्याचा फोन. “संध्याकाळी कुक्करहळ्ळी तळ्यावर या. सोबत राग आणा.”

ती गेली. राग काही आणता आला नाही, केसांत मोगरा मात्र होता. तळ्यावर पेलिकन पक्षी झाडांच्या शेंड्यांवर जड होऊन बसले होते आणि हवेत ओल्या गवताचा वास होता.

“मी कंपनीचा माणूस,” प्रद्युम्न म्हणाला. “मॅडम, तुम्ही सीट बदलायला तयार होतात.”

“हो… म्हणजे नाही… तुमची पण अडचण होतीच म्हणा…”

“हरलात.”

“तुम्हीच बोला ना माझ्या वतीने.”

“प्रवासी तुम्ही. अप्पा तुमचे. मी फक्त साक्षीदार.”

मग ते दर शनिवारचं ठरूनच गेलं. सरकारी पोर्टलवर तक्रार गेली, त्यावर कंपनीचं उत्तर, त्यावर यांचं. तळ्याला फेरी, नकाराचा सराव, आणि नंतर सरस्वतीपुरमच्या एका छोट्या हॉटेलात कॉफी. एकदा सहानाची कॉफी कोमट निघाली.

“परत करा,” प्रद्युम्न म्हणाला.

“तो अण्णा किती दमलाय बघा.”

“दमलेला माणूस कॉफी गरम करू शकतो.”

तिने कप उचलला, अण्णांकडे पाहिलं… आणि कोमट कॉफी एका दमात पिऊन टाकली. प्रद्युम्नने कपाळाला हात लावला. मग खिशातून रुमाल काढून समोर धरला. तिच्या वरच्या ओठावर फेस राहिला होता. त्याने बोटाने स्वतःचा ओठ दाखवला. सहाना कानापर्यंत लाल झाली.

मार्च सरला. तक्रारीत नवं काही घडत नव्हतं, तरी दोघांना दर शनिवारी तिच्याबद्दल पुष्कळ बोलायचं असे. मिरजेच्या आईची भाजणी, सहानाच्या घरचं मराठी – “तुम्ही मराठीत सुरू करता आणि कन्नडमध्ये उतरता,” तो म्हणे. “आणि तुम्ही मराठीत सुरू करता आणि भांडणात उतरता,” ती म्हणे. बाकी सगळ्या गावाला परवागिल्ला म्हणणारी ही मुलगी त्याच्याशी मात्र वाद घालायला शिकली होती. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. मालोजीरावांच्या आलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी तो तळ्याच्या बांधावर थांबला. आज सराव नव्हता.

“पुण्याच्या प्लांटला बोलावलंय मला. वरची जागा आहे. सोमवारी कळवायचंय.” तो पाण्याकडे बघत होता. मग तिच्याकडे वळला. “मी गेलो तर… तुम्हाला काय वाटेल?”

सहानाच्या छातीत इतका गोंधळ उडाला, की त्याच्यातून एकही शब्द वेगळा काढता येईना. आणि मग जिभेला जे पाठ होतं, तेच बाहेर आलं.

“परवागिल्ला. चांगलंच आहे की. पुणं मिरजेला जवळ.”

प्रद्युम्नने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“बरं,” तो म्हणाला.

त्या दिवशी कॉफी झाली नाही.

रविवार तिने भांडी घासत काढला, घासलेलीच पुन्हा घासली. “फोन कर,” अप्पा म्हणाले. “कशाला? त्यांचं चांगलं होतंय. परवागिल्ला,” ती म्हणाली. अप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर घेतलं.

सोमवारी दुपारी क्लिनिकमध्ये फोन वाजला. विमान कंपनीच्या तक्रार विभागातल्या बाई होत्या. आवाज नम्र, थकलेला.

“मॅडम, आमच्याकडे नोंद आहे. गेटवर तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात, चालेल.”

“मला विचारलं नाही,” सहाना म्हणाली. “मला सांगितलं. आणि मी परवागिल्ला म्हटलं. आमच्या गावात ते समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून म्हणतात. त्याचा अर्थ मला चालतं असा नाही होत.”

“पण तुम्ही नकार दिला नाहीत…”

“नाही दिला. पण म्हणून होकार होत नाही, मॅडम. माझे वडील जन्मभर दुसऱ्यांना पुढच्या रांगेत बसवत आले. त्या दिवशी त्यांची पाळी होती. मी हसत होते, कारण मला रडायचं नव्हतं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, आज सांगते. ते मला चालणार…”

ती थांबली.

“हॅलो? मॅडम?”

“…चालणार नव्हतं,” सहाना हळू म्हणाली. पण आता तिला विमान दिसत नव्हतं. तळ्याचा बांध दिसत होता, आणि चष्मा पुसणारा एक माणूस.

पलीकडे कळफलकाची खडखड झाली. “स्वेच्छेने ही नोंद मी काढते. तुम्हा दोघांचा परतावा मंजूर करते,” बाई म्हणाल्या. आणि मग आवाज जरा खाली आणून, “माझेही वडील असेच आहेत.”

सहानाने त्यांचे आभार मानले ते स्कूटरची किल्ली शोधतच.

हूटगळ्ळीच्या रस्त्यावर कारखाने सुटायची वेळ झाली होती. बस, बाइक, अर्धवट बांधलेली घरं, आणि अचानक आंब्याच्या मोसमातली वळवाची सर. टपोरे थेंब, तापलेल्या डांबराची वाफ. प्रद्युम्न गेटबाहेर आला तेव्हा समोर ती उभी. ओढणीतून पाणी निथळत होतं, मोगरा विसरलेली.

“अहो, तुम्ही? भिजलात की. चला आत.”

कोपऱ्यावरच्या कॉफीच्या टपरीत दोघं शिरली. टपरीवाल्या अण्णांनी दोन कप पुढे केले. सहानाने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“अण्णा, ही कोमट आहे. गरम करून द्या.”

अण्णांनी मुकाट कप नेला. प्रद्युम्न तिच्याकडे असा पाहत राहिला, की जणू समोर सूर्य पश्चिमेला उगवलाय.

“कंपनीचा फोन आला?”

“आला. जिंकले. पण मी दुसरी तक्रार घेऊन आलेय. तुमच्याविरुद्ध.”

“माझ्या?”

“शनिवारी तुम्ही मला काही विचारलंत. मी परवागिल्ला म्हटलं, आणि तुम्ही ते खरं मानलंत. प्रत्येक पार्ट उलटून बघणारा माणूस, आणि माझा शब्द एकदाही उलटून बघितला नाही?”

पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता.

“भीती वाटली,” तो अखेर म्हणाला. “उलटून बघितलं आणि मागेही तेच असलं तर?”

“आता विचारा.”

त्याने चष्मा काढला. त्यावर इतकं पाणी होतं, की त्याला तसंही काही दिसत नव्हतं.

“सहाना… मी पुण्याला गेलो तर चालेल?”

“नाही.”

तिला वाटलं होतं हा शब्द जड असेल. तो पिसासारखा निघाला.

“चालणार नाही,” ती म्हणाली. “मला राग येईल, रडू येईल. शनिवार येतील आणि मी त्यांचं काय करू कळणार नाही. मला तुम्ही इथे हवे आहात. माझ्या शेजारच्या सीटवर. कुठल्याही रांगेत.”

अण्णा गरम कॉफी घेऊन आले आणि कप ठेवून आल्या पावली मागे सरले.

प्रद्युम्नने हात पुढे केला, आणि तिची बोटं त्यात कधी गेली हे दोघांनाही समजलं नाही. तो हसत होता, पण कपाळावर एक आठी होती.

“एक घोटाळा झालाय,” तो म्हणाला. “सकाळीच त्यांना हो म्हणून कळवलंय मी.”

“मग आता नाही म्हणून कळव.”

“साहेब भडकतील. वरची जागा पुन्हा मिळेल न मिळेल.”

सहानाने कप ओठांना लावला. वाफेने डोळ्यांत पाणी आलं, किंवा कशाने तरी. मग तिने अगदी मनापासून, पूर्ण स्वेच्छेने सांगितलं,

“परवागिल्ला.”