मेलकावेरीचा थांबा

"मेल्या, आग लागो तुझ्या बसला!"

मी अगदी हळू म्हणाले होते, आणि तेही मराठीत. कुंभकोणमच्या रस्त्यावर मराठीत दिलेली शिवी म्हणजे मनातल्या मनात दिलेलीच. कोणाला कळणार?

"आग लावूं नका हो," मागून आवाज आला. "आंत माझी काकी बसली आहे."

मी वळले. पांढरा शर्ट, पायजम्यासारखी ढगळ पँट, हातात मोजायची टेप… आणि ओठांत दाबून धरलेलं हसू. बस मात्र धूळ उडवत निघून गेली होती. नेहमीसारखीच, मला न घेता.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"तुमच्याएवढीच जुनी आमची मराठी," तो म्हणाला.

मग मात्र मलाही हसू आलं. आमची मराठी खरोखरच जुनी. तंजावरच्या राजांबरोबर आलेली, आणि मग घराच्या उंबऱ्याआतच राहिलेली. बाहेर सगळा कारभार तमिळमध्ये.

तो सुंदरेश. गावातले रस्ते आणि बसथांबे आखणाऱ्या एका कचेरीत नवाच लागलेला इंजिनिअर. मी नागलक्ष्मी, वय चोवीस. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि हाती काठी. रोज घराजवळच्या मेलकावेरीच्या थांब्यावरून टाऊन बस धरून स्वामीमलैला जायचे. तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. म्हणजे, बस मिळाली तर! ड्रायव्हर गटाराच्या पल्याड, रस्त्याच्या मधोमध थांबायचा. पायरी माझ्या मांडीला लागे. कंडक्टर दंडाला धरून वर ओढायचा, आणि त्याचा हात दरवेळी दंडावरच राहायचा असं नाही. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर अम्मानं नोकरीच बंद केली असती.

दुसऱ्या दिवशी सुंदरेश पुन्हा थांब्यावर.

"हात देऊं?" त्यानं विचारलं.

"हात नको. बस द्या."

"बस माझ्या हातीं नाही…" त्यानं टेप उलगडली. "पण थांबा आहे."

ऐप्पसी, म्हणजे दिवाळीचा महिना होता, पाऊस सारखा पडत होता. तो छत्री माझ्या हाती देऊन चिखलात उकिडवा बसला, येणाऱ्या प्रत्येक बसच्या पायरीला टेप लावू लागला. ड्रायव्हर ओरडायचे, हा हसायचा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचा पाय केवढा उचलतो?"

"असं कोणत्या मुलीस विचारतात कां?"

"सरकारी काम आहे हो."

"सरकारास माझ्या पैंजणाचं काय काम?"

त्यानं खाली पाहिलं. "एकाच पायांत?"

"दुसऱ्यास लोखंड घातलं आहे नं… दोन दागिने कशास?"

तो हसला नाही. नुसता बघत राहिला. छत्री माझ्या हातात होती, तरी मी भिजले.

पोंगलनंतर थांब्यावर ओटा उभा राहिला. दगड-सिमेंटचा, बसच्या दारापर्यंत उंच. वर जायला पायऱ्या नाहीत, लांबवर सावकाश चढत जाणारा उतार. गटारावर फरशी टाकलेली. बसनं ओट्याला लागूनच थांबायचं, असा हुकूम निघाला. पहिल्या सकाळी मी काठी टेकत उतार चढले. बस आली, शिटी वाजली… आणि मी नुसतं पाऊल पुढे टाकलं. आत! कंडक्टरनं हात पुढे केला होता. तो तसाच हवेत राहिला.

माझ्यामागून फुलवाली शिवकामी टोपलीसकट आत आली. एरवी तिची टोपली आधी चढायची, मग ती, आणि निम्मी जाई रस्त्यावर. तिनं एक गजरा माझ्या केसांत माळला आणि तमिळमध्ये म्हणाली, "ते इंजिनिअर तुलाच बघत असतात. ओटा आमच्यासाठी नाही गं, तुझ्यासाठी बांधला."

"सगळ्यांसाठी बांधला," मी म्हणाले. पण गाल तापले होते.

त्यानंतरचे दिवस… काय सांगू! सुंदरेशला स्वामीमलैला काही ना काही काम निघू लागलं. मूर्ती ओतणाऱ्यांच्या गल्लीत रस्ता खचलाय, वळणावर दिवा हवाय. परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा माझी, शेजारची त्याची. तो मला गावचा नकाशा बोटानं माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर काढून दाखवायचा. इथे असाच ओटा, देवळापाशी असाच, इस्पितळापाशी तर हवाच.

"सगळ्या गावांत नागलक्ष्मी चढेल असे थांबे," तो म्हणाला.

"आणि सुंदरेश?"

"तो उतरेल… नागलक्ष्मी उतरेल तिथें."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. केळीच्या बागा मागे पळत होत्या. मला वाटलं, आयुष्यभर या बसनं थांबूच नये.

थांब्यामागच्या मोकळ्या जागेत त्याच सुमारास लग्नाचा मंडप बांधायला सुरुवात झाली. मोठी इमारत, खांबांचं दार, रस्त्यापासून उंच चढत जाणाऱ्या संगमरवरी पायऱ्या. मालक सेतुराम, मोठ्या ओळखीपाळखीचा माणूस. मी रोज ते काम बघायचे आणि वेड्यासारखी लाजायचे.

एका सकाळी थांब्यावर आले तर मजूर पहारींनी ओटा फोडत होते.

"हे काय करता?" मी ओरडले.

"थांबा हलला, अम्मा," मुकादम म्हणाला. "कालव्याच्या पुलापलीकडे. इथं मंडपासमोर मोटारी उभ्या राहणार."

पुलापलीकडे! लॉऱ्यांचा मोठा रस्ता ओलांडून. आणि तिथं ओटा नाही, साधी सावलीसुद्धा नाही. त्या दिवशी मी शाळेत पोचलेच नाही. घरी बसून राहिले आणि स्वतःला समजावत राहिले… सुंदरेशला माहीत नसणार. त्याच्या पाठीमागे कोणीतरी केलं. कळलं की तो आकाशपाताळ एक करील.

संध्याकाळी तो आला. बरोबर त्याची आई, आणि तिच्या हाती विडा, फळं, फुलं. अम्मा आधी गोंधळली. मग कळलं, तशी पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. अप्पा गेल्यापासून माझं लग्न हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. आज इंजिनिअर मुलगा आपण होऊन दारी आला होता!

आम्हाला दोघांना मागच्या अंगणात बोलू दिलं.

"थांबा मोडला," मी म्हणाले.

"ठाऊक आहे."

"कोणी मोडला?"

तो विहिरीच्या कडेला बोट घासत राहिला. "सही माझीच आहे, नागू. वरून फार दाब आला. आणि आता तुज बस कशास? मी स्कूटर घेतो. शाळेंत सोडीन, आणीन. नाहीं तर नोकरी तरी कशास हवी?"

"आणि शिवकामी?"

"कोण शिवकामी?"

तो जवळ आला, आवाज हळू केला. "ऐक तर… सेतुराममामा लग्नास मंडप देतो म्हणाले. पहिलंच लग्न आपलं!"

"त्या मंडपास पायऱ्या आहेत, सुंदरेश."

"म्हणून काय?" त्याचे डोळे चमकले. त्यांत खरंच प्रेम होतं, खोटं कशाला बोलू? "मी उचलून नेईन तुज. सगळं गाव बघत राहील."

"हो," मी म्हणाले. "बघेल."

त्याला काहीच कळलं नाही. तो हसतच उभा होता, माझ्या हाताची वाट बघत. मी काठी घेतली आणि आत गेले. त्याच्या आईला नमस्कार केला आणि सांगितलं, "माझी संमती नाही."

अम्मानं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. एकदाच म्हणाली, "लंगड्या मुलीस इतका गर्व?" सख्ख्या आईच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

पुलापलीकडचा थांबा मला झेपला नाही. दोनदा पडले, तिसऱ्यांदा लॉरीखाली येता येता वाचले. शेवटी स्वामीमलैलाच शाळेमागे रस्त्यालगतची एक खोली घेतली आणि एकटीच राहू लागले.

सुंदरेश तिथं एकदा आला. दारातच उभा राहिला, बराच खंगलेला.

"चुकलों मी," तो म्हणाला.

मी कॉफी दिली. पितळी डबऱ्यातल्या पेल्यातून वाफ येत होती.

"ओटा पुन्हा बांधशील?" मी विचारलं.

"आतां… तें माझ्या हातीं नाही."

"बरं."

"नागू… तुझा अजून माझ्यावर जीव—"

"आहे," मी म्हणाले. "आहे म्हणून तर तुझ्याकडं बघवत नाही."

त्यानं पेला खाली ठेवला. कॉफी अर्धी तशीच होती. बाहेर शेवटच्या बसची शिटी वाजली आणि तो धावत गेला. दोन ढांगांत चढलासुद्धा.

पुढच्या पोंगलला, तै महिन्यात त्याचं लग्न झालं, सेतुरामच्या मंडपात. अम्मा जाऊन आली. येताना माझ्या खोलीवर लाडू घेऊन आली, आणि कित्येक महिन्यांनी माझ्याशी बोलली.

"मुलगी बरी आहे गं," ती म्हणाली. लाडवाची पुडी सोडता सोडता तिचे हात थांबले. "भरभर पायऱ्या चढली."