पूर्ण वाक्यात बोलणाऱ्या आजी

खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजी बऱ्या होऊन, चालत घरी गेल्या. हे वाक्य मी लिहिलंच नाही असं समजा आणि पुढे वाचा. आमच्या वॉर्डात तशीच पद्धत आहे.

धाप लागलेला पेशंट आला की मी, म्हणजे वॉर्डातला ब्रदर, आधी त्याचं मनगट धरतो. नाडी बघतोय असं दाखवायचं आणि गुपचूप छातीकडे बघत श्वास मोजायचे. खरं सांगितलं तर माणूस परीक्षेला बसल्यासारखा श्वास घेतो. मग त्याला काहीतरी विचारायचं. सलग वाक्य बोलला तर ठीक. शब्दाशब्दाला अडला तर ऑक्सिजन आणि धावपळ.

आजी आल्या तेव्हा त्यांचे ओठ निळसर होते. मनगट धरून मी छातीकडे बघत बसलो. छाती हलेना. पोटावर हात ठेवला, तेही ढिम्म. आजी मात्र बोलत होत्या. सून, सुनेची बहीण, त्या बहिणीचा बिघडलेला फ्रिज, सगळं एका दमात, कुठेही न थांबता.

शेजारच्या खाटेवर निवृत्त बसड्रायव्हर होते. काका बरे झाले होते, दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज होता. आजींचा फ्रिज सुरू झाला आणि काका गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकले. प्रत्येक श्वासाला गळ्याशी खड्डा पडत होता.

"ब्रदर... यांना... जरा..."

आजी पाणी प्यायला थांबल्या. काकांचा खड्डा भरून आला.

डॉक्टरांनी दारातूनच विचारलं, "आजी पूर्ण वाक्य बोलतायत?"

"बोलतायत. पण श्वास घेत नाहीयेत."

"बोलतायत म्हणजे घेतायत. काकांना ऑक्सिजन लाव."

एकदा छातीला हात लावून बघा म्हटलं, तर म्हणाले, तुझी झोप झालेली नाही. माणसाला हात न लावताच नोकरी करायची होती तर या डॉक्टरांनी पोस्टात जायचं होतं!

काकांना ऑक्सिजन लावला. आजींच्या ओठांवर लाली आली. मी ऑक्सिजन वाढवला, तशा आजी आणखी रंगात आल्या. काकांना आता एक शब्दही जमेना.

माझं डोकंच फिरलं. कुणालाही न विचारता मी काकांची खाट ढकलत वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. मोठ्या सिस्टर माझ्या खानदानाचा उद्धार करत मागे आल्या. दाराशी पोचल्यावर काका म्हणाले, "चहात साखर जरा जास्त घालायला सांग बरं का."

इतकं सुंदर वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

परत आलो तर आजी गप्प होत्या. ओठ पुन्हा निळे. त्या काकांच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. मग माझ्याकडे.

"बाळा... बस..."

पेशंट त्याही माझ्याच. सोडून कुठे जाणार? बसलो. सवयीने मनगट धरलं.

"तर मी काय सांगत होते, तो फ्रिज मुळात तिच्या माहेरचा नव्हताच."

मी विचारलं, "मग... कुणाचा..."

पुढचं आलंच नाही.

आजी घरी गेल्यात. गप्पा चालू असतील. मला माझ्याच छातीवरून कळतं.

डॉक्टर म्हणाले... टेन्शन आहे.

म्हणून अर्ज.

माननीय अधीक्षक...

आजींनी... दोन वाक्यांच्या मध्ये...

थोडं थांबावं...

असा आदेश... व्हावा...

ही नम्र