चोर जाळ्यात सापडला!

पूर्वार्ध

"भिंते, पळत ये! गवत!"

"गवत कधी पाहिलं नाहीस का रे?"

"अगं, हिरवं गवत!"

भिंत धावली. ती गोलपोस्टात उभी राहिली की चेंडूची आत जायची टाप नव्हती, म्हणून तिचं नाव भिंत. लांबू खोटं बोलत नव्हता! टेकडीवरचं अख्खं मैदान विटेसारखं भाजून निघालेलं आणि पूर्वेच्या गोलजाळ्याखाली मात्र हिरवीगार, ओली पट्टी!

जगभरच हवेचं तंत्र बिघडलं होतं. इथे पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता, तलावाला भेगा पडल्या होत्या आणि शाळेला लवकर सुटी मिळाली होती. अशात गवताला पाणी?

पाणीखात्याचे साहेबही तिथे येऊन पोचले. "मैदानाच्या नळाची किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे," मैदानाचा राखणदार म्हणाला. हा भिंतीचा मामा. ती त्याच्याकडेच राहायची, मैदानालगतच्या खोलीत.

"मग तूच पाणीचोर!"

"अहो, नळाला थेंब नाही! उघडून तरी बघा!"

साहेबांनी नळाला हातसुद्धा लावला नाही. "उद्या सकाळपर्यंत खरा चोर दाखव, नाहीतर खोली रिकामी कर!"

मध्यंतर

"पण... मामानंच घातलं असेल तर?" त्यांचा दोस्त शंका पुटपुटला. त्याला हे नाव उगाच पडलं नव्हतं.

भिंतीनं डोळे वटारले. पण शंकेचा किडा आत शिरला तो शिरलाच. तिनं मामाला गाठलं. "मामा, खरं सांग."

"वेडाबाई! तुला प्यायला पुरावं म्हणून मी तोंड धुवायचं टाळतो, आणि गवताला पाणी घालीन?"

भिंतीची मान खाली गेली. मग एकदम वर आली आणि ती दोस्तांकडे धावली.

"पश्चिमेच्या गोलाखाली धूळच आहे. पूर्वेलाच ओल का?"

"तिकडचं जाळं नवं आहे," शंका म्हणाला. "जुनं लांबूनं किक मारून फाडलं!"

"चुकून फाटलं!"

"आणि मामानं रोपांवर घालायची बारीक जाळी शिवून लावली..." शंका पुढे म्हणाला.

तिघांनी एकदम पूर्वेच्या गोलाकडे पाहिलं.

"दिवसा तर इथे कुणी पाणी घालत नाही. पहाटे पाळत ठेवायची," भिंत म्हणाली.

उत्तरार्ध

फटफटायला लागलं आणि दरीतून धुकं वर आलं. आधी झाडं गेली, मग घरं, मग शेजारी उभा लांबूसुद्धा! आवाज न करता एक पांढरा समुद्र मैदानावर चढला आणि सरळ गोलात शिरला.

जाळ्याच्या धाग्याधाग्यावर दाणे फुटले. एक दाणा दुसऱ्याला भेटला, फुगला, घसरला.

टप्.

टप्. टप्. टप्.

भिंतीनं तळवा पुढे केला. आकाशातून नाही, जमिनीतून नाही, नुसत्या हवेतून पाणी येत होतं! रोज पहाटे ते त्यांच्या डोक्यावरून जात होतं आणि सगळं गाव कोरड्या नळाकडे बघत बसलं होतं. तिच्या अंगावर काटा आला.

"शंका, काही शंका?"

"नाही," शंका म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच!

लांबू साहेबांच्या घराकडे सुटला. "साहेब, चला! चोर जाळ्यात सापडला!"

साहेब सपाता घालूनच आले. "कुठाय? मला तर काहीच दिसत नाही!"

"धुक्यातच आहे, साहेब. जाळ्यापुढे जरा शांत उभे राहा."

साहेब उभे राहिले. जाळं ठिबकत होतं. थोड्या वेळानं साहेबांच्या झुबकेदार मिशाही ठिबकू लागल्या!

"अरे बापरे! साहेब, तुमच्या मिशीनंही पाणी चोरलं!" लांबू ओरडला.

साहेबांनी मिशी पुसली, ओला हात पाहिला, जाळ्याला बोट लावलं. मग ते खोलीतून बाहेर आलेल्या मामाकडे वळले.

"चुकलो मी. नळ उघडून बघायला हवा होता. खोली तुमचीच." मग मुलांकडे पाहून म्हणाले, "माझं अख्खं खातं झोपलं होतं. तुम्ही जागे राहिलात!"

जादा वेळ

मग काय! कुणी बांबू आणले, कुणी बागेची जाळी, शिंप्यानं मशीनच टेकडीवर मांडलं. तलावावरच्या कोळिणी गाठी मारायला शिकवू लागल्या, साहेब पन्हळी धरून उभे! तलाव काही यानं भरणार नव्हता. पण घरटी प्यायचं पाणी मिळणार होतं आणि ते सगळ्यांनी मिळून धरलेलं असणार होतं.

मामानं भिंतीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, हे जाळं तू राखायचंस."

पुढच्या पहाटे टेकडीच्या कडेनं जाळ्यांची रांग उभी होती आणि सगळं गाव श्वास रोखून मागे थांबलं होतं. दरीतून धुकं वर आलं.

गोलात कधी काहीच जाऊ न देणारी भिंत जाळ्यापुढून हळूच बाजूला झाली.

"ये," ती म्हणाली.

टप्.

"गो... ल!" सगळं गाव ओरडलं.