एकच तांब्या

ही गोष्ट खरी आहे. खरी मानायची नसेल तर नका मानू, मला त्यातून काही बक्षीस मिळणार नाही. पण 'भास झाला असेल', 'ऊन लागलं असेल' असलं काही मला सांगू नका. ते सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे.

सन १९८०. मे महिना. नागपूर, रामदासपेठ.

आणि रात्र-बित्र काही नाही हं... भर दुपार.

ज्याने नागपूरचा मे काढलाय, त्याला माहीत आहे. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

माझे बाबा चंपतराव. नरखेडकडे आमच्या संत्र्याच्या बागा. माझ्या शिक्षणापायी आम्ही नागपुरातच, महाल भागात, दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक नळ. माझ्या आईचं, प्रेमिलाचं, अर्धं आयुष्य त्या नळावर भांडण्यात गेलं. तिला फार काही नको होतं. स्वतःचं घर आणि स्वतःचा नळ.

बाबांनी रामदासपेठेत बंगलाच घेतला. भैयाजी नावाच्या माणसाकडून. तो मुंबईला निघाला होता, त्याला घाई होती. मागच्या अंगाला एक सुटी खोली होती, तिला मोठं कुलूप. "भैयाजीचं सामान आहे त्यात, नंतर नेणार आहे," बाबांनी आम्हाला सांगितलं.

व्यवहार झाला आणि अधिक महिना लागला.

धोंड्याच्या महिन्यात कोणी गृहप्रवेश करत नाही. बाबा तर या बाबतीत फार कडक. वास्तुशांती झाल्याशिवाय घरच्या कोणी उंबरठा ओलांडायचा नाही, नाहीतर घर लाभत नाही. अंगणात जा, झाडांना पाणी घाला, पण आत पाय नाही. महिनाभर बंगला बंद.

मी आणि आई रोज रिक्षाने जायचो. मागच्या खोलीच्या खिडकीखाली मोगरा होता, त्याच्याजवळ नळ. खिडकीला फळ्या ठोकलेल्या. आई नळ सोडायची आणि नुसती बघत राहायची. कोणी रांगेत नाही, कोणी बादली सरकवत नाही. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पहिल्याच दुपारी...

टक.

आईने नळ बंद केला.

टक... टक.

आवाज खोलीतून येत होता. पेला फरशीवर आपटावा तसा.

"कोण आहे आत?" आईने विचारलं.

उत्तर नाही. आईने पुन्हा नळ सोडला, आणि आवाज एकदम वाढला. टकटकटकटक... थांबेचना. नळ बंद केला की हळू व्हायचा.

मला रडूच फुटलं. आईने माझा दंड धरला आणि आम्ही रिक्षा मिळेपर्यंत उन्हात पळत राहिलो.

बाबा जेवत होते. आई म्हणाली, "अवो, त्या खोलीत कोणीतरी हाये. माणूस हाये जी. कुलूप तोडा."

"बयाड झाली काय वं तू? माणूस असता त बोलला नसता?"

"मंग काय हाये?"

"वास्तूत काही असंल. शांती केली की निघून जाईन. अधिकात कुलूप-बिलूप तोडाचं नाही. समजलं?"

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः आमच्यासोबत आले. उतारा घेऊन. लिंबू, भात, आणि पाण्याने भरलेला तांब्या. ते सगळं त्यांनी खोलीच्या दाराबाहेर ठेवलं. बंद दाराबाहेर.

आत टकटक चालली होती.

बाबा हात जोडून म्हणाले, "घे बाबा, तुझं तू घे, अन् जाय." आणि निघाले. मागे वळून पाहायचं नसतं. त्यांनी पाहिलंही नाही.

आई मात्र रोज जाऊन दाराला कान लावायची. काही दिवसांनी वास यायला लागला.

"घूस मेली असंल," बाबा म्हणाले.

"घूस मेली, त आवाज कोनाचा येऊन राहिला?"

आवाज थांबला नव्हता. वास सुरू झाला, वाढला, नंतर त्या उन्हात तोही विरून गेला... पण नळ सोडला की टकटक. रोज. वास्तुशांतीच्या आदल्या दुपारपर्यंत. मी स्वतः ऐकलं आहे.

अधिक संपला. वास्तुशांती झाली. होम झाला, पानं मांडली. शेजारच्या मीराबाई गावाहून नुकत्याच परतल्या होत्या, त्याही जेवायला आल्या. वरणभात कालवता कालवता त्यांनी सहज विचारलं, "यमुताईंना कुठं नेलं हो भैयाजीनं?"

"कोन यमुताई?" आईने विचारलं.

"त्याची आत्या. मागच्या खोलीत राहायची ना. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, वाचा गेलेली. काही लागलं की पेला आपटायची बिचारी."

आईच्या हातातलं तुपाचं भांडं पडलं.

पोलिसांनी कुलूप तोडलं. मला आत जाऊ दिलं नाही, पण दारातून दिसायचं ते दिसलंच. यमुताई खाटेवर नव्हती. सरपटत खिडकीपाशी गेली होती. भिंतीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, मोगऱ्याजवळचा नळ.

डॉक्टर म्हणाले, म्हातारी पहिल्या चार-सहा दिवसांतच गेली असणार.

मग पुढचा सगळा महिना आम्ही काय ऐकलं?

भैयाजीला पकडून आणलं. तो ओरडून सांगत होता, "मी चंपतरावांना सांगितलं होतं! किल्ली हातात दिली होती! आत्याला न्यायला दोन दिवसांत माणूस पाठवतो म्हणालो होतो!" माणूस त्याने कधी पाठवला नाही, हेही खरंच. बाबांनी देवघरावर हात ठेवून शपथ घेतली. "मले कोनी किल्ली देल्ली नाही." बाबांचा शब्द मोठा. सगळ्यांनी मानला. आम्हीही.

घर सोडायचं बाबांनी नाव काढू दिलं नाही. दुसऱ्यांदा शांती केली. खोली धुतली, दार लावून टाकलं.

पुढच्या मेमध्ये, दुपारी...

टक.

आई उठली. तिने तांब्या भरला, त्यावर झाकण ठेवलं आणि खोलीचं दार उघडून आत ठेवून आली. टकटक थांबली. संध्याकाळी पाहिलं तर झाकण जसंच्या तसं. तांब्या कोरडा. तेव्हापासून मे लागला की आई रोज दुपारी तांब्या ठेवायची. बाबा तेवढा वेळ समोरच्या खोलीत रेडिओ मोठ्याने लावून बसायचे.

मग एका उन्हाळ्यात बाबांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. वाचाही गेली. तोपर्यंत माझं लग्न होऊन मी अमरावतीला होते. आईच सगळं करायची. अंग पुसायची, चमच्याने पाणी पाजायची. बाबांना काही हवं असलं की ते पेला आपटायचे.

मी पोचले तेव्हा बाबा गेले होते. आई कोरड्या डोळ्यांनी बसली होती. सगळे पांगल्यावर तिने पदराची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर एक किल्ली ठेवली.

"अंग पुसताना सापडली. करदोड्याले बांधली होती. एवढे वर्षं."

मला कळलं. तरी मी विचारलं, "कशाची?"

"मागच्या खोलीची. त्या जुन्या कुलपाची."

अधिकात उघडायचं नाही एवढंच बाबांच्या डोक्यात होतं, की लुळी म्हातारी गळ्यात पडेल याची भीती होती... ते त्यांचं त्यांना माहीत. मी आईला विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काही नाही वं. दार वढून घेतलं. तो पेला आपटून राहिला होता. मी मोगऱ्याले पानी घालून राहिली होती."

मे महिन्यातली दुपार होती ती.

दुसऱ्या वर्षी मेमध्ये मी माहेरी गेले. दुपारी आईने तांब्या नेऊन ठेवला. टकटक थांबली. मी डोळे मिटले.

टक.

मी ताडकन उठून बसले. हा आवाज वेगळा होता. जड. खोली तीच.

टक... टक.

"आई... हे कोण?"

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

मला राहवलं नाही हो. बाप होता माझा. मी दुसरा तांब्या भरला आणि धावत गेले. दारातच आईने तो माझ्या हातातून काढून घेतला. खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून तिने तो फरशीवर ओतला. सावकाश. शेवटच्या थेंबापर्यंत.

आत टकटक एकदम वाढली. टकटकटकटक... नळ सोडल्यावर वाढायची तशी.

"त्यानं तिले देल्लं होतं काय?" आई म्हणाली.

मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने माझा चेहरा पुसत म्हणाली, "मी मेल्यावर तू ठेवजो वं पोरी. पन एकच ठेवजो."

मी मान हलवली. का हलवली, ते मला अजून कळत नाही.