सोशीक प्रवाळ

स्नेहल तोंडवळकरच्या ओसरीत पूर्वी जिथं शिलाई मशीन होतं, तिथं आता समुद्र होता. काचेच्या टाकीत मावेल एवढाच, पण खराखुरा खारा. मालवणच्या त्या गल्लीत आता घरोघरी असे समुद्र होते. किनाऱ्यालगतचं पाणी इतकं तापलं होतं, की खडकांवरची सारी प्रवाळं पांढरी पडून मेली. मग प्रवाळ घरात वाढवायचं आणि नारळी पौर्णिमेला नारळाबरोबर समुद्रात लावायचं, असा एका कंपनीचा प्रकल्प आला. त्यातला शास्त्रज्ञ होता स्नेहलचा धाकटा भाऊ निनाद. भाऊच म्हटल्यावर काय, स्नेहलनं गल्लीतलं एकेक दार स्वतः ठोठावलं आणि सगळ्यांना तयार केलं.

तिचा स्वभाव उतावळ्या नवऱ्याचा, गुडघ्याला बाशिंग बांधणारा. टाकी आली त्याच दिवशी तिला प्रवाळ हवं होतं. निनादनं तिला थांबवलं. "आधी पाणी मुरांदे, ताई. घाण पचवणारे जिवाणू दगडात वस्तीक येवंक होये." मीठ कालवून, खडक ठेवून ती महिनाभर नुसत्या पाण्याला दिवा दाखवत बसली. लोक हसले. मग निनादनं अंगठ्याएवढं प्रवाळ आणून खडकावर चिकटवलं, आणि हसणारे बघायला आले.

प्रवाळ म्हणजे इवल्या प्राण्यांची वस्ती. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून त्यांना भरवतं. पाणी तापलं की प्राणी या स्वयंपाकिणीलाच घराबाहेर काढतो, पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. निनादनं उष्णता सोसणारं नवं शैवाल घडवलं होतं. गल्लीनं त्याचं नाव ठेवलं सोशीक. त्याला रोज सकाळी बाटलीतले चार थेंब घालायचे. टॉनिक आहे, निनादनं सांगितलं होतं. आणि तुकडा तोडून परस्पर कुणाला द्यायचा नाही, हेही बजावलं होतं.

हे दुसरं स्नेहलला जमणारं नव्हतं. शेजारच्या रेजिनाचं नाव प्रकल्पाच्या यादीत लागलं नव्हतं, तरी तिनं हौसेनं टाकी मांडून पाणी मुरवलं होतं. ती प्रवाळाचा तुकडा मागायला वाटी घेऊन दारात आली. विरजण मागायला आलेल्या बाईला त्या गल्लीत कुणी परत पाठवत नाही. स्नेहलनं प्रवाळाची एक फांदी कापून वाटीत घातली. बाटली एकच होती, म्हणून थेंब काही दिले नाहीत. टॉनिकावाचून कोण मरतं?

श्रावणात रेजिना धावत आली. "तुकडो पांढरो पडलो गो! माझा काय चुकला?"

स्नेहलनं तिच्या टाकीचा खारेपणा मोजला, तापमान पाहिलं, दिवा पाहिला. कशातच खोट नव्हती. स्नेहलच्या घरचं प्रवाळ मात्र टाकीत गुलाबी बोटं पसरून डुलत होतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी निनाद आला. तिनं चहा ठेवता ठेवता सगळं सांगितलं, आपला नियमभंगही. तो रागावला नाही. पाणी कसं होतं, दिवा कसला होता, काहीच त्यानं विचारलं नाही.

"थेंब दिलेलं नाय मां तिका?" एवढंच म्हणाला.

स्नेहलनं गॅस बंद केला. "म्हणजे तुका म्हायत होता."

तो मान खाली घालून बोलला. त्याच्या शैवालाला जगायला लागणारं एक द्रव्य स्वतः बनवता येत नव्हतं. ती क्षमता मुद्दामच काढून घेतली होती. ते द्रव्य फक्त थेंबांत होतं, आणि थेंब फक्त कंपनीकडे. "घडवलेलो जीव कुलपाशिवाय मोकळो सोडूक परवानगीच गावली नसती, ताई."

"मग माका टॉनिक कित्याक सांगलंस?"

"खरा सांगला असता तर तू गल्लीभर सांगलं असतंस. कोणी टाकी घेतली नसती."

म्हणजे त्यानं बहिणीचा स्वभाव नीट ओळखला होता आणि बेतानं वापरला होता. स्नेहलला कुलपाचं फारसं वाटलं नाही. कुलपाला कदाचित कारणही असेल. पण ज्याला तिनं पाठीवर घेऊन पोहायला शिकवलं, त्यानंच केसानं गळा कापला होता, आणि त्यासाठी तिनं गल्लीला दिलेला शब्दच वापरला होता. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

बाहेर बायका टाक्यांतली प्रवाळं टोपल्यांत कशी न्यायची ते ठरवत होत्या. कुणीतरी तिलाच हाक मारली. पहिलं प्रवाळ तिनं लावायचं, असं गल्लीनं ठरवलं होतं.

ती निनादसमोर उभी राहिली.

"उद्या ह्या सगळा दर्यात जातला," ती म्हणाली. "मग परवापासून दर्याक रोज सकाळी थेंब कोण घालतलो? आणि ज्या दिवशी तो घालूचो नाय, त्या दिवशी?"