शेवटचा फर्मा वाचू नये

फर्मा पहिला

"वाळवे, आटप! साहेब गेटपाशी आलेत!"

"शू! चार पानं राहिलीत."

"मघाशीही चारच होती!"

"मघाशी मी रडत होते. रडताना पानं पुढे सरकत नाहीत."

कोऱ्या कागदाच्या गठ्ठ्यांमागे वाळवी पालथी पडून वाचत होती. हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण हाती लागेल ते पुस्तक फस्त करणाऱ्या मुलीला घरचे दुसरं काय म्हणणार? दाराशी पहारा देत होता तिचा धाकटा भाऊ भोंगा. हे काम त्याला द्यायलाच नको होतं, कारण भोंग्याची कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचायची. आणि कटिंग मशीनच्या आडून दोघांना जिवाच्या आकांताने खुणा करत होती त्यांची मावसबहीण छटाक.

ही बाइंडरी छटाकच्या आईची, म्हणजे वाळवी-भोंग्याच्या मावशीची. सुट्टी लागली की दोघं इथेच. छापखान्यातून मोठाले छापील ताव यायचे. तावाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा तयार. फर्मे क्रमाने जुळवायचे, पाठीला सरस लावायचा, कव्हर चढवायचं, तीन कडा कापायच्या, की झालं पुस्तक.

पण आजचं पुस्तक साधं नव्हतं! ते होतं 'घंटानगरी'चं तिसरं आणि शेवटचं पुस्तक. उद्या सकाळी दुकानं उघडायच्या आधी दारांवर मुलांच्या रांगा लागणार होत्या. म्हणून तर भिंतीवर लाल अक्षरांत पाटी लागली होती :

शेवटचा फर्मा कोणीही वाचू नये.
वाचल्यास बाइंडिंगचे काम काढून घेण्यात येईल.

आणि हे काम गेलं तर बाइंडरीला कुलूप, हे मावशीने स्वतः जेवताना सांगितलं होतं.

वाळवीने तरीही वाचलं. कव्हर तिरकं बसलेली एक प्रत रद्दीत पडलेली दिसली आणि तिचा हात आपसूक गेला. दोन पुस्तकं ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ती माणसं त्या रद्दीत होती!

तिने शेवटचं पान मिटलं.

"कसा आहे शेवट?" छटाक रांगत जवळ आली.

"छान."

"मग असं तोंड का केलंयस?"

"फार छान आहे गं." वाळवीचा चेहरा पांढरा पडला होता. "आणि चुकीचा आहे."

फर्मा अकरावा ('घंटानगरी' : तिसरं पुस्तक)

...पंधरा वर्षं पूर्ण झाली की त्या नगरीत प्रत्येकाने आपला आवाज काचेच्या बरणीत भरून आवाजकोठीत जमा करायचा. मग जन्मभर गळ्यात घंटा. ठिणगीने आपला आवाज लपवला होता. आज पहारेकऱ्यांनी तिला वेशीवर धरलं.

"एक आवाज हवाय ना?" तिचा सोबती पारवा पुढे झाला. "माझा घ्या. तिला जाऊ द्या."

त्याने बरणीत एकच शब्द सांडला, तिचं नाव. पहारेकऱ्याने बरणी दगडावर आपटली. ती फुटली. ठिणगी आणि तिची धाकटी बहीण वेशीबाहेर पडल्या. मागे वळून पाहिलं, तेव्हा पारव्याचे ओठ हलत होते. ऐकू काहीच आलं नाही.

फर्मा शेवटचा (तेच पुस्तक)

...ठिणगीने धाकट्या भावाचा हात घट्ट धरला. डोंगरावर धुकं होतं. आणि धुक्यातून खणखणीत हाक आली, "ठिणगी! थांब, मी आलोय!" पारवा धावत येत होता.

फर्मा दुसरा

"मग बिघडलं कुठे?" भोंगा म्हणाला. "आला बिचारा! बोलला! तुलाच हवं होतं ना?"

"हवं होतंच रे!"

"मग गप बस की!"

"अरे, बरणी फुटली ना! आवाज परत मिळण्यासारखा नव्हता, म्हणून तर तो देणं मोठं होतं. तो असा फुकटात बोलायला लागला, तर मग त्याने दिलं काय?"

भोंग्याने डोकं खाजवलं. "...सर्दी बरी झाली असेल."

"भोंग्या!"

"आणि हा धाकटा भाऊ कुठून आला?" छटाक दोन्ही पानं शेजारी शेजारी धरून बघत होती. "ठिणगीला तर बहीण आहे."



"बहीणच आहे," वाळवी सावकाश म्हणाली. "तिन्ही पुस्तकांत बहीण आहे. हा शेवट या पुस्तकाचा नाहीच!"

"आईला सांगू या!"

"काय सांगणार? मी वाचलं म्हणून?" वाळवीने पाटीकडे बोट दाखवलं.

बाहेर ट्रकचं मागचं फळकूट धाडकन खाली पडलं. गठ्ठे चढायला लागले होते.

फर्मा तिसरा

मावशी सरसाने माखलेले हात पुसत होती.

"मावशी, समज, एखाद्या पुस्तकाला दुसराच फर्मा लागला, तर?"

"माझ्याकडे? शक्यच नाही!" मावशीने कव्हर न चढवलेली एक प्रत उचलून तिची पाठ दाखवली. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण होती, आणि सगळ्या मिळून जिन्यासारख्या खाली उतरत होत्या. "एक फर्मा जरी इकडचा तिकडे झाला, तरी पायरी मोडते. बघ, मोडलीय का?"

"नाही. पण तू वाचलंस का?"

"वाचत बसले तर बांधणार कधी गं?" मावशी हसली. "आणि असल्या पुस्तकांत असतं तरी काय एवढं? अख्ख्या गावाचं वाटोळं झालेलं, आणि ही दोघं एकमेकांकडे बघत बसलेली."

वाळवीला हसू आलं नाही. "तिथे सगळी मोठी माणसं म्हणतात, असंच असतं, तू गप राहा. ती एकटीच म्हणत असते, काहीतरी चुकतंय. आणि मग एकजण तिच्या बाजूला येऊन उभा राहतो आणि म्हणतो, मलाही तसंच वाटतंय. बस्स, त्याच्यासाठी वाचते मी."

मावशीने हात पुसायचं थांबवलं. "तू हे सगळं आत्ता मला का सांगतेयस?"

कोरं पान

वाळवीने तोंड उघडलं.

मिटलं.

"काही नाही, मावशी."

फर्मा चौथा

"आपण नाही सांगायचं," छटाक म्हणाली. "साहेबांनाच वाचायला लावायचं!"

साहेब म्हणजे प्रकाशनाचे व्यवस्थापक. शेवटच्या फर्म्याच्या प्रत्येक गठ्ठ्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लाखेचं सील मारलं होतं, म्हणून मुलं त्यांना सीलसाहेब म्हणत. आत्ता ते ट्रकपाशी उभे राहून घड्याळ बघत होते.

"भोंग्या, तुझी वेळ आली. ओरड!"

"काय ओरडू?"

"शेवट! कुठलाही!"

भोंगा छाती फुगवून ट्रकच्या ड्रायव्हरकाकांपाशी गेला. "काका! शेवट कळला का? पारवा मुकाच राहतो! आणि ठिणगी नगरीतल्या सगळ्या घंटा वितळवून त्यांची कढई करते!"

"कढई?" ड्रायव्हरकाका दचकले.

साहेब तर उडालेच! "कोणी सांगितलं तुला हे?"

"सगळे तेच बोलतायत!"

"सगळे म्हणजे आम्ही," छटाक पुटपुटली, पण ते ट्रकच्या चाकाशिवाय कोणाला ऐकू गेलं नाही.

"शेवट फुटला! मेलो!" साहेबांनी घाईघाईने एक गठ्ठा फोडला, पुस्तक काढलं आणि शेवटचं पान उघडलं. मग हुश्श करून कपाळ पुसलं. "साफ खोटं! इथे तर तो चांगली खणखणीत हाक मारतो!"

"कोण, पारवा?" छटाकने निरागस डोळे केले. "पण त्याचा आवाज तर अकराव्या फर्म्यात फुटला ना? अकरावा वाचायला बंदी नाही ना, साहेब?"

साहेबांनी अकरावा फर्मा उघडला. वाचला. पुन्हा शेवटचं पान. पुन्हा अकरावा. त्यांच्या नाकावर घाम जमा झाला.

"असतं," ते शेवटी म्हणाले. "लेखकमंडळी काहीही लिहितात."

"लेखिकाबाईंना फोन करून विचारा ना!"

"आणि काय सांगू? मी शेवट उघडून बघितला? वाचायची परवानगी मलासुद्धा नाही!"

मावशी दारात येऊन उभी राहिली होती. "एक मिनिट, साहेब. म्हणजे हे पुस्तक कोणीच वाचलेलं नाही?"

"कोणीच नाही! नियमच आहे तसा!"

"छापखान्यातही नाही?"

"बाई, त्यांनी पानांचे आकडे बघितले, तुम्ही खुणा बघितल्या, मी सीलं बघितली! अजून काय बघायचं?" साहेबांनी पुस्तक परत गठ्ठ्यात कोंबलं. "एका ओळीसाठी मी ट्रक अडवणार नाही. अख्खा शेवट वाचलेला कोणी असेल तर आणा माझ्यासमोर, मग बघू. ड्रायव्हर, गाडी काढा!"

इंजिन घरघरलं.

भोंग्याने वाळवीकडे बघितलं. छटाकने बघितलं. वाळवीने मात्र मावशीकडे बघितलं. मावशीच्या मागे ते कटिंग मशीन होतं, ते फर्म्यांचे ढीग, ती खळीची पातेली. एक शब्द बोललं की या सगळ्याला कुलूप. नाही बोललं, तर ट्रक जाईल, आणि उद्या हजारो मुलं धुक्यातल्या त्या हाकेपाशी येऊन वेड्यासारखी मागची पानं चाळत बसतील.

ट्रक हलला.

वाळवी धावली आणि ट्रकच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. करकचून ब्रेक लागले.

"मी वाचलाय!" तिचा आवाज चिरकला. "मी शेवटचा फर्मा वाचलाय, साहेब. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. रद्दीतली प्रत उचलून. मावशीला काही माहीत नव्हतं. काय करायचं ते करा, पण आधी फोन करा!"

"ए पोरी, वेड लागलंय का तुला?" ड्रायव्हरकाका खिडकीतून ओरडले.

भोंगा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. छटाकही. तिची उंची ट्रकच्या दिव्यापर्यंतही पोहोचत नव्हती, तरी उभी राहिली.

"बाई!" साहेब गरजले. "पाटी वाचता येते ना तुम्हाला?"

मावशीचा चेहरा उतरला होता. पण ती चालत आली आणि मुलांच्या शेजारी उभी राहिली. "येते. काम काढून घ्या, सोसेन. पण माझ्या हातून चुकीचं पुस्तक बाहेर जायचं नाही. लावा फोन."

फर्मा पाचवा

फोन लागला. साहेबांनी स्पीकर लावून तो लांब धरला होता, जणू चटका बसेल.

"शेवटचं पान वाचून दाखव," लेखिकाबाई म्हणाल्या. "तूच दाखव, जिने वाचलंय तिने."

वाळवीने वाचलं. धाकटा भाऊ. डोंगर. धुकं. खणखणीत हाक.

भोंग्याने नीट ऐकायला फोनच्या पडद्यात डोकं खुपसलं.

"हा शेवट मी केव्हाच टाकून दिला होता," लेखिकाबाई हळूच म्हणाल्या. "तेव्हा ठिणगीला भाऊ होता. साहेब, मी तुम्हाला दोन पाकिटं दिली होती. जुनं जाळायचं होतं आणि नवं छापायचं होतं. तुम्ही उघडून बघितलं नाहीत?"

साहेब चाचरले. "सील... सील होतं, बाई. मी ते तसंच पुढे पाठवलं."

"आणि जाळलं कोणतं?"

साहेब मटकन गठ्ठ्यावर बसले.

"असू दे, माझ्याकडे प्रत आहे. आज रात्रीच छापून घ्या. आणि बाइंडिंग तिथेच होईल, त्याच बाईंकडे. ती पाटी मी लावली नव्हती." मग आवाज बदलला. "अगं मुली, खरं सांग. तुला हा शेवट आवडला होता?"

वाळवीने मान डोलावली. "खूप. मी रडले."

"मग बोललीस कशाला? मिळालं होतं ना हवं ते?"

"त्याने आवाज दिला होता ना, बाई. ते देणंच त्याच्याकडून कसं काढून घ्यायचं?"

"ही तीन पुस्तकं मी कोणासाठी लिहीत होते, ते आज कळलं मला," लेखिकाबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत सगळे गठ्ठे ट्रकमधून उतरले होते. साहेबांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि न सांगता पाटी उतरवली. जाता जाता वाळवीसमोर घुटमळले. "चूक माझी होती. तू नसतीस तर उद्या मी तोंड दाखवू शकलो नसतो. शाबास!" एवढं बोलून ते लगबगीने छापखान्याकडे निघून गेले.

मावशीने मात्र आधी वाळवीचा कान पकडला. "पुन्हा चोरून वाचलंस तर बघ! मला सांगून वाच." आणि कान सोडून तिला घट्ट कुशीत घेतलं. "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. अजूनही वाटतेय."

"मलाही," मावशी म्हणाली.

मग सगळे कामाला बसले. कव्हर सोलायचं, शेवटचा फर्मा उपटायचा, बाकीचं पुस्तक नव्या फर्म्यासाठी बाजूला ठेवायचं. भोंगा सोलत होता, छटाक ढीग रचत होती, ड्रायव्हरकाका पोती बांधत होते. उपटण्याचं काम वाळवीकडे होतं.

"एक ठेव हवं तर," मावशी हळूच म्हणाली. "तुझ्यासाठी. कोणाला कळणार नाही."

वाळवीने हातातला फर्मा उघडला. धुकं होतं. पारवा धावत येत होता. तिने ती हाक एकदा मनातल्या मनात वाचली, फर्मा मिटला आणि पोत्यात टाकला.

"पुढचं दे," ती म्हणाली.